मामांचा आवाज, माझी बोटं

सासऱ्याचा आवाज लॅपटॉपात भरून यात्रेला घेऊन जायची वेळ वैऱ्याच्या जावयावरही येऊ नये. सासरा बोलायला लागला की जावयानं ऐकायचं असतं, एवढं मला बोहल्यावरच कळलं होतं. पण सासरा गप्प झाला की जावयाला काय काय करावं लागतं, ते गेल्या चैत्रात कळलं.

माझे सासरे श्रीपती केदारी औंढ्याचे. घरची शेती आहे, पण मावळात त्यांना लोक ओळखतात ते बैलगाडा शर्यतीचे निवेदक म्हणून. घाटावर (खंडाळ्याचा घाट नव्हे, शर्यतीत बैल पळतात तो चढ, मी नोकरी करतो त्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांचा इथं नेहमी घोटाळा होतो) माइक हातात घेऊन मामांनी 'झाऽऽली भिर्रर्र!' अशी आरोळी ठोकली की बैल, घोडी, माणसं आणि शेजारच्या शेतातली कोंबडी, सगळीच पळत सुटतात. गाडा किती सेकंदात आला तेही मामाच सांगतात, आणि मामांनी सांगितलं की विषय संपला. 'श्रीपतीभाऊ म्हणले' यापुढं घाटावर अपील नाही.

तर या घशाला गाठ आली. साधीच होती, पण काढावी लागणार होती. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर आवाज जाईल तो कायमचा. आणि यात्रा नेमकी त्या महिन्यात.

मामांना गाठीचं दुःख नव्हतं. यात्रा कमिटीचे अध्यक्ष भिमाजी टकले बाहेरून निवेदक आणणार, याचं होतं. "एकदा माइक दुसऱ्याच्या हातात गेला ना जावईबापू, का मंग तो माघारी येत न्हाई," मामा म्हणाले आणि पुढ्यातली भाकरी तशीच बाजूला सारली. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई कस्तुराबाई, डोळ्याला पदर लावून चुलीकडं गेल्या. माझी बायको स्नेहल माझ्याकडं बघायला लागली. या बघण्याचा अर्थ मला लग्नापासून पाठ आहे. 'अहो, तुम्ही एवढे शिकलेले, काहीतरी करा' असा तो अर्थ असतो.

आता थोडं माझ्या पेटीबद्दल सांगायला हवं. मी खंडाळ्याच्या एका हॉटेलात हिशेब बघतो, तिथं मला साहेब म्हणतात. पण मनानं मी संगीतातला माणूस आहे. माझ्याकडं एक कीबोर्ड आहे. त्याला स्वतःचा आवाज नाही. वायरनं लॅपटॉपला जोडायचा, लॅपटॉपात सॅम्पलर नावाचा प्रोग्रॅम असतो, त्यात आपण रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे ठेवायचे आणि कुठल्या पट्टीवर कुठला तुकडा वाजायचा ते नेमून द्यायचं. तबल्याचा ठोका ठेवा, पट्टी दाबली की ठोका. कुत्र्याचं भुंकणं ठेवा, पट्टी दाबली की कुत्रं. हे मी मामांना साखरपुड्यातच समजावून सांगितलं होतं. सगळं शांतपणे ऐकून त्यांनी विचारलं होतं, "म्हंजी पेटी घेतली, अन् आवाजच न्हाई तिला?" त्यानंतर सासरवाडीत हा विषय निघाला की लोक तोंडावर टोपी धरून हसत.

पण त्या दिवशी भाकरीकडं बघत असताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऑपरेशनला अजून काही दिवस होते. मामांच्या सगळ्या आरोळ्या, गाडामालकांची नावं, सेकंदांचे आकडे रेकॉर्ड करायचे, एकेक तुकडा एकेका पट्टीवर ठेवायचा, आणि यात्रेच्या दिवशी मी पट्ट्या दाबायच्या. निवेदन मामांचंच!

"व्हय?" मामा म्हणाले. आणि भाकरी पुन्हा पुढं ओढली.

रेकॉर्डिंगला मामांना लोणावळ्याला आमच्या घरी आणलं. औंढ्यात कोंबडे फार. बरोबर माझा मेहुणा कैलास होता. मामांना हॉलमध्ये सोफ्यावर बसवलं, माइक पुढं ठेवला आणि म्हटलं, "हं मामा, भिर्रर्र म्हणा."

मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "भिर्र." आम्ही दुकानात 'मीठ द्या' म्हणतो त्या आवाजात.

"जोरात, मामा."

"आवो, बैल कुटं हाईत? सोफ्याकडं बघून भिर्र कसं व्हनार?"

मुद्दा बिनतोड होता. लोणावळ्यात रविवारी मुंबईच्या गाड्या हव्या तेवढ्या मिळतात, बैल मिळत नाहीत. शेवटी कैलास म्हणाला, "दाजी, आपणच पळू." कलेसाठी माणूस काय करत नाही! माइक आणि लॅपटॉप घेऊन आम्ही खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलो, कैलास उजवा बैल झाला, मी डावा. खांद्यावर कपडे वाळत घालायची काठी घेतली. मामा पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिले, आम्हाला बघून त्यांचे डोळे चमकले, आणि जी काही आरोळी सुटली म्हणता! तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलऱ्या भरल्या.

आमच्या सोसायटीत कुठल्याही कामाला सल्ला मिळतो, तो मागावा लागत नाही. सेक्रेटरी दाभाडेकाका खाली आले आणि पार्किंगमध्ये जनावरं आणायला बंदी असल्याचा ठराव आठवू लागले. जनावर कुठंय, असं मी विचारलं तर माझ्याकडंच बघत राहिले. तळमजल्यावरचे सरदारभाई मुलाणी मंडप आणि साऊंडचा धंदा करतात. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही डावे बैल आहात ना, मग मान आत ठेवा. बाहेर काढली की गाडा फाकतो." त्यांच्या पत्नी नसीमभाभी गॅलरीतून ओरडल्या, "आधी त्यांना पाणी द्या कुणीतरी, जीभ बाहेर आलीये!"

मी हॉटेलात साहेब आहे, हे मी त्या वेळी कुणालाच सांगितलं नाही.

वळणावर मी डावीकडं जायच्या ऐवजी उजवीकडं वळलो, काठी आडवी झाली, आणि मी दाभाडेकाकांच्या स्कूटरवर जाऊन पडलो. "चुकलं!" मामा ओरडले. "आरं चुकलं!" माझा गुडघा सोलला. स्नेहल हळद घेऊन आली आणि मी लंगडत तिच्याबरोबर वर गेलो. गडबडीत रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं.

आकड्यांची वेगळीच गंमत. मामांना नुसता आकडा म्हणता येत नाही. 'अकरा' म्हणाले की मुलगा झाल्यासारखे म्हणतात. 'बारा' कौतुकानं, 'तेरा' ठीकठाक, आणि 'चौदा' म्हणताना आवाज असा उतरतो, की गाडामालकाला भेटायला जावंसं वाटतं. मी म्हटलं, मामा, सगळे एकाच सुरात म्हणा. ते म्हणाले, "चौदा सेकंदात येनाऱ्याला सुरात कशाला सांगायचं?"

पुढचे दिवस मी तुकडे कापत आणि मांडत बसलो. हे काम दिसतं सोपं. सॅम्पलरला नीट बजावलं नाही, तर तो एकाच पट्टीवरचा तुकडा शेजारच्या पट्ट्यांवरही पसरतो, उजवीकडं बारीक करत आणि डावीकडं जाड करत. पहिल्यांदा वाजवून बघितलं तर मामा एका पट्टीवर बालवाडीतल्या मुलीसारखे आणि दुसरीवर गाभण म्हशीसारखे बोलले. स्नेहल रागावली, म्हणाली, माझे वडील आहेत ते. मग मी प्रत्येक तुकड्याला त्याच्या एकाच पट्टीत बंद केलं. हळू दाबलं की मामा हळू, जोरात दाबलं की जोरात, अशीही सोय केली. आणि माझी बोटं घाबरून मध्येच उचलली गेली तर मामांचं वाक्य तुटू नये, म्हणून एकदा पट्टी दाबली की तुकडा शेवटपर्यंत वाजणार, असं लावून ठेवलं. मला या युक्तीचा तेव्हा अभिमान वाटला होता. शेवटी कुठं काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक पट्टीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली: डावीकडं नावं, मध्ये आकडे, उजवीकडं आरोळ्या.

ऑपरेशन छान झालं. मामांच्या गळ्यात मामींनी पाटी अडकवली आणि हातात पेन्सिल दिली. भिमाजीही मामांच्याच आवाजाला कसेबसे राजी झाले. राहिली सरकारी परवानगी. तालुक्याच्या कचेरीत कागद न्यायला कमिटीनं मलाच पाठवलं, कारण मी शिकलेला. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "निवेदक कोण?"

"श्रीपती केदारी."

"त्यांना माइकवरच्या सूचना समजावून सांगायच्यात. बोलवा त्यांना."

"ते बोलत नाहीत."

"मग निवेदक कसे?"

"आवाज त्यांचा आहे, बोटं माझी."

गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मशीनचं ओळखपत्र लागेल का, अशी आतल्या साहेबांकडं चौकशी झाली. साहेब म्हणाले, लागेल, पण मशीनला फोटो कसा लावणार? जेवणाच्या सुट्टीनंतर तोडगा निघाला. कागदावर लिहिलं: 'निवेदक – श्रीपती केदारी (हजर, परंतु गप्प)'.

यात्रेच्या सकाळी आम्ही औंढ्याला पोचलो. मी कीबोर्ड ओसरीवर ठेवला आणि सरदारभाईंचा साऊंडचा टेम्पो आला का बघायला रस्त्यावर गेलो. इथं माझी चूक झाली. आमच्या सासरवाडीत कुठलीही कामाची वस्तू पूजा केल्याशिवाय कामाला लावत नाहीत. ट्रॅक्टर असो, मोटर असो, नाहीतर जावयाची पेटी. मामींनी कीबोर्ड आधी ओल्या फडक्यानं लख्ख पुसला, मग हळदकुंकू वाहिलं, नारळ ओवाळला, लिंबू-मिरची बांधली. मी आलो तेव्हा त्या हात जोडून उभ्या होत्या. चिठ्ठ्या जागेवर दिसल्या. मीही नमस्कार केला आणि पेटी उचलून घाटावर गेलो.

घाटावर माणूस मावत नव्हता. मामा नवा फेटा बांधून स्टेजवर बसले, गळ्यात पाटी. अध्यक्ष भिमाजींचा स्वतःचा गाडाही शर्यतीत होता. त्यांनी माझ्या पेटीकडं बघितलं, लिंबू-मिरचीकडं बघितलं आणि आपली खुर्ची गाठली. पहिला गाडा शिरगावच्या संदेशचा. मी 'संदेश' लिहिलेली पट्टी दाबली. कर्ण्यातून मामा गरजले, "औंढ्याचेऽ भिमाजी टकलेऽऽ!"

संदेश गाड्यावरून वळून बघायला लागला. भिमाजी खुर्चीतून उठले. मी घाईनं 'भिमाजी' दाबली तर शिरगावचा दुसराच कुणी निघाला. मामांनी पाटीवर लिहिलं: 'काय चाललंय?'

मी मामींकडं धावलो. त्या म्हणाल्या, "आवो, फडक्यानं चिठ्ठ्या निघाल्या समद्या. म्या परत लावल्या नीट. पर तुमी भिमाजीभावजींना अन् त्या संदेशला शेजारी शेजारी लावलं व्हतं. त्या दोगांचं बोलनं न्हाई चार वर्सं झाली! मंग म्या देवळाच्या मानाची घरं पयली लावली, अन् ज्यांचं जमत न्हाई त्यांच्यात अंतर ठेवलं."

लग्नात पंगत मांडावी तशी मामींनी माझी पेटी मांडली होती! मानपानात एक चूक नव्हती. नावांच्या चिठ्ठ्या भराभर जागेवर लावल्या आणि पुन्हा बसलो. लोक हसून मोकळे झाले, मामाही पाटीआडून हसले.

मग मी आरोळीची पट्टी दाबली. "झाऽऽली भिर्रर्र!" संदेशचा गाडा सुसाट सुटला, पुढं घोडी, धुळीचा लोट, लोक टोप्या उडवतायत. पण गाडा निशाणापार गेला तरी भिर्रर्र थांबेना. मामींचं हळदकुंकू पट्टीच्या फटीत गेलं होतं, पट्टी चिकटून थरथरत होती आणि मामा पुन्हा पुन्हा ओरडत होते, भिर्रर्र, भिर्रर्र! पुढच्या बारीसाठी, म्हणजे पळायच्या पाळीसाठी, थांबलेले बैल हिसके द्यायला लागले. रसवंतीच्या खांबाला बांधलेल्या एका गुणी जोडीनं तर खांबासकट प्रस्थान ठेवलं, ती थेट आपल्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. रसवंतीचं छप्पर हळूच खाली बसलं आणि आतून रसवाला ग्लास हातात धरून तसाच बाहेर आला. सरदारभाईंनी धावत येऊन फुंकर मारली, तेव्हा पट्टी सुटली. "साहेब," ते म्हणाले, "देवाधर्माचं ठीक आहे, पण कोरडं ठेवायचं."

या सगळ्या गोंधळात आकड्यांच्या चिठ्ठ्यांबद्दल मामींना विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

शर्यत रंगली. खरंच रंगली. मामांचा आवाज घाटावर घुमत होता आणि मामा स्वतःचंच निवेदन मान डोलावत ऐकत होते, मध्येच पाटीवर 'शाब्बास' लिहून मला दाखवत होते. साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच मी त्या गावात ताठ बसलो होतो.

आकडे यंदा सगळ्यात शेवटी सांगायचे ठरले होते. कमिटीनं चिठ्ठीवरून पहिल्या दोन नंबरांच्या गाड्यांच्या वेळा जाहीर करायला सांगितल्या. संदेश तेरा सेकंद, भिमाजी चौदा सेकंद. मी पट्ट्या दाबल्या. कर्ण्यातून मामांनी संदेशच्या नावापुढं अशा पडेल आवाजात 'चौऽदा' म्हटलं, की बायकांनी हळहळ केली. आणि भिमाजींच्या नावापुढं 'तेरा'.

भिमाजींच्या माणसांनी गुलाल उधळला. घड्याळवाला टेबलावर चढून सांगत होता, उलटं झालंय. पण ऐकतो कोण? "तुजं घड्याळ चुकंल," लोक म्हणाले, "श्रीपतीभाऊ चुकत न्हाईत." संदेशची माणसं स्टेजकडं आली. "अध्यक्षाचा गाडा म्हणून का?" एकजण ओरडला. "श्रीपतीभाऊ, तुमी बी?"

तो 'तुमी बी' मामांना लागला. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मामी मागून रडवेल्या होऊन सांगत होत्या, "तेराचा आकडा अशुभ, म्हून म्या तो शेवटाला लावला, चौदाच्या पल्याड!" पण ते ऐकायला कोण होतं? एवढ्या वर्षांत मामांनी घाटावर एकही वेळ चुकीची सांगितली नव्हती, आणि आज त्यांच्याच आवाजानं सांगितली होती. मामा उठले. पाटी बाजूला केली. सरदारभाईंच्या हातातला माइक घेतला आणि तोंड उघडलं.

"आबा, नको!" स्नेहल ओरडली. "आवाज जाईल!"

मी मामांचा हात धरला. सासऱ्याचा हात धरायचं धाडस मला आजवर झालं नव्हतं. "मामा, थांबा. तुमच्याच तोंडून सांगतो."

नुसते आकडे पुन्हा सांगून भागणार नव्हतं. आधी 'चुकलं' म्हणायला हवं होतं, आणि तो शब्द माझ्या एकाही पट्टीवर नव्हता. घाटावर त्याची गरजच कधी पडली नव्हती. पण मामा तो म्हणाले होते! पार्किंगमध्ये, मी स्कूटरवर पडलो तेव्हा. मी लॅपटॉपात न कापलेलं रेकॉर्डिंग शोधलं, शब्द सापडला, त्याच्या आधीचं कापलं, तुकडा शेवटच्या रिकाम्या पट्टीवर टाकला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पट्टी दाबली.

"चुकलं!" मामा गरजले. "आरं चुकलं!"

सगळ्यांच्या माना कर्ण्याकडं वळल्या. मी सुटकेचा श्वास टाकला. पण तुकड्याचा शेवट मी कापला नव्हता, पुढचं कधी ऐकलंही नव्हतं, आणि एकदा दाबलं की शेवटपर्यंत वाजायचं ही माझीच युक्ती. थोडी खरखर झाली, लांबून स्नेहलचा 'हळद लावू द्या, नाचू नका' असा आवाज आला, आणि मग मामा पुन्हा बोलू लागले, आता सावकाश, घरातल्यासारखे. पण कर्णे मोठ्या आवाजावरच होते.

"चुकलं माजंच, कैलास. म्या म्हनायचो, बिनआवाजाची पेटी घिऊन बसनारा ह्यो जावई काय कामाचा. पर बघ की. सासऱ्याचा माइक जाऊ नाय म्हून समद्या बिल्डिंगीफुडं बैल झाला. गुडगा फोडून घेतला. पोटचा पोरगा करनार न्हाई येवढं. सोनं हाय रं सोनं, माजा जावई." थोडं थांबून आवाज पुढं म्हणाला, "पर त्याला सांगू नगंस. डोक्यावर बसंल."

मग तुकडा संपला.

आधी कुणीतरी बायकांतून फिस्सकन हसलं. मग सगळा घाट हसला. संदेश हसला, गुलालानं माखलेले भिमाजींचे लोक हसले, रसवाला ग्लास सांडेपर्यंत हसला. मला लॅपटॉपचा पडदा धूसर दिसत होता, तो धुळीनं असेल असं मी स्नेहलला सांगितलं, पण तीही डोळे पुसत होती.

मामा लालबुंद झाले. त्यांनी खसाखसा पाटीवर लिहिलं आणि सगळ्या घाटाला दिसेल अशी उंच धरली: 'मशीन खोटं बोलतंय.'

भिमाजी पुढं आले. पाटी वाचली, मिशीवरचा गुलाल झटकला. "श्रीपती," ते म्हणाले, "मशीन खोटं, तर मंग 'चुकलं' बी खोटं. म्हंजी तेरा माजेच. न्हाई का?"

मामांनी भिमाजींकडं बघितलं, संदेशकडं बघितलं, शेवटी माझ्याकडं बघितलं. मग फेट्याच्या शेमल्यानं पाटी पुसली आणि सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मशीन खरं बोलतंय. समदं.'

भिमाजींनी स्वतःच्या अंगावरचा गुलाल मुठीत घेतला आणि संदेशच्या कपाळाला लावला. चार वर्षांनी ते दोघं एकमेकांशी बोलले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, कारण मामींनी माझ्या पेटीवर पुन्हा कुंकू टाकायला घेतलं होतं आणि मी त्यांना अडवत होतो.

महिना संपला. एका सकाळी फोन वाजला. पलीकडून मामाच, आवाज थोडा बारीक, पण त्यांचाच. पहिला शब्द काय बोलतील याबद्दल घरात पैजा लागल्या होत्या.

"जावईबापू," मामा म्हणाले, "ते पेटीतलं... शेवटच्या पट्टीवरचं. पुसलं का?"

"नाही अजून, मामा. पुसू का?"

"नगं," मामा घाईनं म्हणाले. मग खाकरले. "आसू द्या. परत तोंडानं म्हनायला जमायचं न्हाई."